तारांचा तिसरा वाचक

आपली खाजगी माहिती व्यापारी कंपन्यांच्या हाती विश्वासाने सोपवावी की नाही, हा प्रश्न संगणक आणि भ्रमणध्वनी यांनीच प्रथम उपस्थित केला अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या दिवशी मनुष्याने आपला निरोप घरच्या जासुदाऐवजी एका कंपनीच्या खिडकीत बसलेल्या अनोळखी कारकुनाच्या हाती दिला, आणि त्या कारकुनाने तो वाचून, शब्द मोजून, दर आकारून मगच तारेवर चढवला, त्या दिवसापासून हा प्रश्न जगात आहे. बंद पाकिटातले पत्र वाचायचे तर ते फोडावे लागते आणि फोडल्याची खूण मागे राहते. तार मात्र मुळातच उघडी. पाठवणारा आणि घेणारा यांच्या जोडीला तिला आणखी चार-दोन वाचक असतातच, आणि ते वाचूनही न वाचल्यासारखे राहतील या एका भरवशावर तो सारा व्यवहार चालत असे. आपल्याकडे तारखाते सरकारचेच होते, आणि प्रसंग पडल्यास रयतेच्या तारा अडवण्याचा व पाहण्याचा अधिकार १८८५ च्या कायद्याच्या ५ व्या कलमाने सरकारने उघडपणे स्वतःकडे राखून ठेवला होता. त्यामुळे आपल्या इतिहासात या प्रश्नाला कंपनीच्या इमानाचे रूप सहसा आले नाही. अमेरिकेत तारा खाजगी कंपन्यांच्या होत्या. तेथे हा भरवसा तीस वर्षे कसा पोखरला गेला, त्याची हकीकत १९७५ साली उजेडात आली, आणि ती मुळापासून सांगण्यासारखी आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, हर्बर्ट यार्डली नावाच्या एका तल्लख आणि काहीशा छांदिष्ट गृहस्थाच्या हाताखाली अमेरिकी सरकारने सांकेतिक लिपी उलगडणारी एक छोटी कचेरी न्यूयॉर्कमध्ये थाटली. पुढे ती ‘ब्लॅक चेंबर’ या नावाने प्रसिद्धीस आली. परकीय वकिलातींचे खलिते उलगडायचे तर ते आधी हाती यावयास हवेत, आणि ते तर तार कंपन्यांच्या दप्तरात; तेव्हा यार्डली आणि त्यांचे वरिष्ठ वेस्टर्न युनियन कंपनीचे अध्यक्ष न्यूकम कार्लटन यांच्या भेटीस गेले, आणि कायद्याचा स्पष्ट निषेध असतानाही परकीय तारांच्या नकला मिळू लागल्या. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन येथील नौदल परिषदेत जपानी प्रतिनिधी कोठवर ताणून धरणार आणि कोठे नमते घेणार, हे अमेरिकेला जे आधीच ठाऊक होते ते या नकलांच्या बळावर. १९२९ मध्ये हेन्री स्टिम्सन परराष्ट्रमंत्री झाले. दुसऱ्याची पत्रे वाचणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही अशी त्यांची धारणा होती, आणि त्यांनी या कचेरीचा पैसाच तोडला. पुढे १९३४ च्या दळणवळण कायद्याने, आपल्या हातून जाणाऱ्या निरोपाचा मजकूर कोणाही कंपनीने वा तिच्या नोकराने न्यायालयाच्या किंवा अन्य कायदेशीर अधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तिसऱ्यास कळवू नये, असा निर्बंध ६०५ व्या कलमात घातला. कागदोपत्री तरी विषय मिटला होता.

दुसऱ्या महायुद्धाने तो पुन्हा उघडला. युद्धकाळी परदेशी जाणारी-येणारी प्रत्येक तार सरकारी परीक्षणाखाली असे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारणही नव्हते. नियंत्रण जाहीर होते, कायद्याने होते, आणि लढाई चालू असेपर्यंतच होते. ऑगस्ट १९४५ च्या मध्यास जपानने हात टेकले आणि या नियंत्रणाचा आधारही ढासळला. सैन्याच्या संदेश-सुरक्षा खात्यातील अधिकाऱ्यांना मात्र ही रोजची रसद एकाएकी बंद होणे परवडण्यासारखे वाटेना. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे शरणागतीच्या घोषणेला पुरता आठवडाही लोटला नव्हता, त्या खात्याने आपले दोन प्रतिनिधी न्यूयॉर्कला रवाना केले. काम एवढेच, की अमेरिकेत येणाऱ्या, अमेरिकेतून जाणाऱ्या आणि अमेरिकेवरून पुढे सरकणाऱ्या परकीय सरकारांच्या सर्व तारांचे छायाचित्र घेण्यास तीन मोठ्या कंपन्यांची संमती मिळवावयाची. योगायोग असा, की हे खाते ज्या युद्धमंत्र्याच्या अमलाखाली होते तो युद्धमंत्री म्हणजे तेच हेन्री स्टिम्सन. सभ्यपणाच्या कल्पनाही सोळा वर्षांत आणि दोन मंत्रिपदांत बऱ्याच बदलतात.

त्या तीन-चार दिवसांतला संवाद, त्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खात्यासाठी लिहून ठेवल्यामुळे, आज आपल्याला जवळजवळ पायरीपायरीने उभा करता येतो. प्रथम ते आयटीटी कंपनीच्या एका अधिकाऱ्याकडे गेले, आणि त्याने त्यांना निःसंदिग्ध नकार दिला. हा नकार या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सरळ कृत्य होय. दुर्दैवाने ते तीन दिवसही टिकले नाही. तेथून हे दोघे वेस्टर्न युनियनच्या उपाध्यक्षांकडे गेले, आणि ॲटर्नी जनरलने हे कृत्य बेकायदा ठरवले नाही तर आपली हरकत नाही, असा रुकार त्यांनी मिळवला. तो पदरात घेऊन २१ ऑगस्टला ते पुन्हा आयटीटीच्या दारी आले, आणि देशकार्यास साहाय्य न करणारी एकटी कंपनी असा लौकिक आपल्या कंपनीस खचितच नको असेल, असे त्यांनी तेथील उपाध्यक्षांना सुचवले. त्याच दिवशी आयटीटीने, ॲटर्नी जनरलच्या संमतीची अट घालून, मान तुकवली. तिसरी कंपनी आरसीए. तिच्या अध्यक्षांनीही आपली तयारी दर्शवली, फक्त शेवटचा शब्द ॲटर्नी जनरलचे मत कळेपर्यंत राखून ठेवला.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तिन्ही कंपन्यांनी अट घातली, आणि तिन्ही अटींचा आशय एकच होता: उद्या खटला झाला तर आमच्यामागे कोण उभे राहणार? तारा पाठवणाऱ्या ग्राहकाचे काय, त्याला कळवावयाचे की नाही, परकीय सरकारांच्या तारा निवडता निवडता न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याची किंवा एखाद्या विद्यार्थ्याची तार हाती आली तर ती बाजूला ठेवली जाईल कशावरून, असला प्रश्न त्या वाटाघाटींत निघाल्याचे कोठे नमूद नाही. या लबाड किंवा देशद्रोही माणसांच्या कंपन्या नव्हत्या. त्यांनी या कामाबद्दल सरकारकडून मोबदला घेतला नाही, आणि युद्ध नुकतेच जिंकलेल्या राष्ट्रातील त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचेही प्रयोजन नाही. परंतु दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्या पेढीने ती सरकारी शिपायाच्या हवाली करताना पावती मागावी ती फक्त स्वतःच्या बचावापुरती, असा हा प्रकार होता. या उपक्रमास ‘शॅमरॉक’ असे सांकेतिक नाव पडले.

काम सुरू झाले, आणि कंपन्यांच्या वकिलांची झोप उडाली. ६०५ वे कलम कायद्याच्या पुस्तकात जसेच्या तसे होते, आणि युद्ध तर संपलेले. लेखी हमी मिळेना. अखेर १६ डिसेंबर १९४७ रोजी संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी आयटीटीचे सॉस्थेनीस बेन आणि आरसीएचे जनरल हॅरी इंगल्स यांना भेटीस बोलावले. वेस्टर्न युनियनच्या अध्यक्षांना त्या दिवशी येणे जमले नाही. फॉरेस्टल यांनी सांगितले की हे कार्य राष्ट्राच्या परम हिताचे आहे, आणि विद्यमान सरकार अधिकारावर असेपर्यंत कंपन्यांवर फौजदारी होणार नाही. बेन हे मुरब्बी गृहस्थ. त्यांनी विचारले, याला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची आणि ॲटर्नी जनरल क्लार्क यांची संमती आहे काय? आहे, असे उत्तर मिळाले. मात्र आपल्यामागून येणाऱ्यांना हा शब्द बांधील राहणार नाही, हेही मंत्र्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले. म्हणजे देशाच्या कायद्याने स्वच्छ शब्दांत मना केलेली गोष्ट एका मंत्र्याच्या तोंडी अभयावर चालणार, आणि ते अभय त्याच्या खुर्चीच्या आयुष्याइतकेच टिकणार. पुढल्या वर्षी कायद्यातच दुरुस्ती करून घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो तडीस गेला नाही. कारण कायदा करावयाचा तर तो कशासाठी हे प्रतिनिधिगृहांत बोलावे लागते, आणि नेमके तेच बोलावयाचे नव्हते. फॉरेस्टल यांनी मार्च १९४९ मध्ये पद सोडले. त्यांच्या जागी आलेल्या लुई जॉन्सन यांच्याकडून १८ मे १९४९ रोजी कंपन्यांनी तेच अभय पुन्हा वदवून घेतले. त्यानंतर कोणी कोणाकडे ते मागितल्याची नोंद नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हा व्यवहार केवळ वहिवाटीवर चालला. मूळ करार करणारी माणसे निवृत्त झाली, काही वारली, सैन्याच्या खात्याच्या जागी १९५२ मध्ये नॅशनल सिक्युरिटी एजन्सी ही नवी, अतिगुप्त संस्था आली, आणि तारांचा तिसरा वाचक आपल्या खुर्चीवर तसाच बसून राहिला.

आता त्याच्या वाचण्याची रीत पाहू, कारण या कथेतील खरे वळण मंत्र्यांच्या दालनात आलेले नाही, ते यंत्रशाळेत आले. सुरुवातीच्या वर्षांत तारा कागदावर किंवा सूक्ष्मफितीवर मिळत. माणसांनी त्या हातांनी चाळावयाच्या, परकीय वकिलातींच्या सांकेतिक तारा वेगळ्या काढावयाच्या आणि बाकीच्या सोडून द्यावयाच्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना आणि दिवसाच्या तासांना मर्यादा होती, आणि सामान्य ग्राहकाला खरे संरक्षण होते ते या मर्यादेचे. कायद्याचे संरक्षण तर केव्हाच कागदावर उरले होते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आरसीएने आपला व्यवहार चुंबकीय फितींवर नेला, आणि दशकाच्या मध्यास आयटीटीनेही. आता न्यूयॉर्कहून फिती रोज मेरिलँडमधील फोर्ट मीड येथे नेत, त्यांची नक्कल उतरवून घेत आणि मूळ फिती परत करीत. हा नेम लौकरच गैरसोयीचा वाटू लागला, तेव्हा १९६६ मध्ये मध्यवर्ती हेरखात्याच्या, म्हणजे सीआयएच्या, मदतीने मॅनहॅटनमध्ये, दूरचित्रवाणीच्या फितींचे काम करणाऱ्या कंपनीच्या बहाण्याने, जागा भाड्याने घेण्यात आली, आणि फिती तेथेच उतरू लागल्या. १९७३ मध्ये सीआयएच्या वकिलांना या भाडेकरूची धास्ती वाटली आणि त्या खात्याने अंग काढून घेतले; नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने दुसरी जागा पाहिली.

फीत आणि संगणक एकत्र आले म्हणजे काय होते, हे आज सांगावयास नको; त्या काळी ते फार थोड्यांना उमजले. ज्या कामाला शंभर कारकून लागले असते ते यंत्र करू लागले, आणि यंत्राला सांकेतिक तार आणि साधी तार यांत कमी-अधिक श्रमाचा भेद नव्हता. त्याला नावांची यादी द्यावी, आणि ते नाव ज्या ज्या तारेत असेल ती त्याने काढून द्यावी. १९६७ च्या शरदात व्हिएतनाम युद्धाविरुद्धची चळवळ पेटली असता सैन्याने अशी नावे धाडली. इतर खात्यांनीही धाडली. आणि १९६९ पासून या नामावलीच्या कामाला ‘मिनरेट’ हे स्वतंत्र नाव मिळाले. १९६७ ते १९७३ या काळात सुमारे १६५० अमेरिकी नावे या यादीत आली आणि गेली. ती कोणाची होती हे काही अंशी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कागदांवरून कळले. मार्टिन ल्यूथर किंग, मुष्टियोद्धा मुहम्मद अली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे टॉम विकर, विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड हे त्यांत होते, आणि सिनेटर फ्रँक चर्चही होते. बुकवाल्ड यांच्या तारांतून राष्ट्राला कोणता धोका संभवत होता, याची कल्पना प्रस्तुत लेखकाला तरी करता येत नाही. शेवटल्या वर्षांत एजन्सीचे विश्लेषक महिन्याला सुमारे १,५०,००० तारा निवडून डोळ्यांखालून घालीत होते.

कंपन्यांना हे ठाऊक होते काय? सिनेट समितीच्या चौकशीत निघालेले उत्तर असे, की सरकार केवळ परकीयांच्या तारा पाहते अशीच त्यांच्या अधिकाऱ्यांची समजूत होती, अमेरिकी नागरिकांची नावे यादीत आहेत हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनीही कधी विचारले नाही. या उत्तराचा पूर्वार्ध त्यांना निर्दोष ठरवतो. उत्तरार्ध, माझ्या मते, त्यांना दोषी ठरवण्यास पुरेसा आहे. साऱ्याच्या साऱ्या फिती रोज दाराबाहेर जात असताना त्यांतील काय वाचले जाते हे तीस वर्षांत एकदाही न विचारणे, याला अज्ञान हा शब्द अपुरा पडतो.

वॉटरगेटनंतर अमेरिकी जनतेचा आपल्या गुप्त संस्थांवरील विश्वास उडाला, आणि १९७५ च्या आरंभी सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचे नावही तोवर बहुतेकांना अपरिचित. तिच्या चौकशीचे काम ज्यांच्याकडे आले त्या ब्रिट स्नायडर या तरुण वकिलाला कित्येक आठवडे भिंतीशीच गाठ पडली. सरकारने आपले बस्तान आधीच आवरते घेतले होते. संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांच्या हुकुमाने १५ मे १९७५ रोजी शॅमरॉक बंद झाले होते. जुलैत न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने तार कंपन्यांविषयी बातमी छापली. पुढे सप्टेंबरात एका रविवारी, सोळा वर्षे एजन्सीचे उपसंचालक राहिलेल्या लुई टॉर्डेला यांनी आपल्या मेरिलँडमधील घरी स्नायडर यांना सारी हकीकत सांगितली. ट्रूमन यांच्यामागून आलेल्या कोणा राष्ट्राध्यक्षाला याची खबर असल्याचे आपल्याला माहीत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्यांच्या नावाने अभय दिले गेले त्यांच्या वारसांना त्या अभयाचा पत्ताही नव्हता.

हे सारे जाहीर करावयाचे की नाही, यावर समितीत आणि सरकारात बराच खल झाला. खुद्द ॲटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनी प्रसिद्धीस विरोध केला. कंपन्यांची नावे बाहेर आली तर पुढे संकटकाळी कोणतीही कंपनी सरकारला हात देणार नाही, हा सरकारपक्षाचा युक्तिवाद. आणि त्यातील गर्भितार्थ असा, की कंपनीने सरकारवर टाकलेला विश्वास हा ग्राहकाने कंपनीवर टाकलेल्या विश्वासाहून अधिक जपण्यासारखा आहे. समितीतील काही सभासदांना तो पटलाही. ६ नोव्हेंबर १९७५ रोजी चर्च यांनी अहवाल उघड सभेत वाचून दाखवला. ज्या यंत्रणेचे वर्णन ते वाचत होते तिच्या यादीत आपलेही नाव आहे, याचा उच्चार त्यांनी कोठे केला नाही. प्रतिनिधिगृहात बेला ॲब्झग यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समन्स धाडली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आपला गोपनीयतेचा विशेषाधिकार एका खाजगी तार कंपनीलाही लागू करून पाहिला. तो निभावला नाही, आणि अधिकारी जबानीस हजर झाले.

शिक्षा कोणालाच झाली नाही. न्यायखात्याने फौजदारीचा विचार करून तो सोडून दिला. १९७८ मध्ये परकीय हेरगिरीविषयक देखरेखीचा नवा कायदा आला आणि त्याने एक स्वतंत्र गुप्त न्यायालय निर्माण केले. यापुढे सरकारने आधी न्यायाधीशापुढे जावे आणि कंपनीने न्यायाधीशाचा हुकूम पाहिल्यावाचून दप्तर उघडू नये, असा त्याचा मतलब. ही मिळकत थोडी नव्हे. मंत्र्याच्या तोंडी शब्दाची जागा निदान कागदाने घेतली.

तेवीस वर्षांनी, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, तो कागद बाजूला सारला गेला. डिसेंबर २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने न्यायालयीन हुकुमाविना चाललेल्या टेहळणीची बातमी दिली, आणि पाठोपाठ मार्क क्लाइन या निवृत्त तंत्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतील फॉल्सम रस्त्यावरील एटी अँड टी कंपनीच्या इमारतीतल्या ६४१-ए क्रमांकाच्या कुलूपबंद खोलीची माहिती उघड केली: प्रकाशवाहिन्यांतून जाणारा इंटरनेटचा प्रवाह दुभंगून त्याची नक्कल त्या खोलीत वळवली जात होती. ग्राहकांनी कंपनीवर दावा लावला, आणि जुलै २००६ मध्ये न्यायाधीश वॉन वॉकर यांनी तो फेटाळण्यास नकार दिला. कंपनीची अडचण अशी होती, की १९७८ च्या कायद्याने आता सरकारचा तोंडी शब्द पुरेसा राहिला नव्हता. तेव्हा १० जुलै २००८ रोजी नवा कायदा झाला आणि सरकारच्या सांगण्यावरून सहकार्य केलेल्या कंपन्यांना पूर्वलक्षी अभय मिळाले. १९४८ मध्ये फॉरेस्टल यांच्या खात्याला जे विधिमंडळाकडून मिळवता आले नव्हते ते साठ वर्षांनी, उघड चर्चा होऊन, बहुमताने मिळाले. ग्राहकांचा दावा पुढल्या वर्षी निकालात निघाला, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेण्याचे नाकारले.

१९४५ च्या आणि आजच्या कंपन्यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आजच्या कंपन्यांच्या बाजूचा नाही. तार कंपनीचा धंदा निरोप पोचवण्याचा होता. मजकूर साठवून ठेवण्यात आणि त्यावरून गिऱ्हाइकाची आवड-निवड ताडण्यात तिचा नफा नव्हता. आजच्या कंपन्यांचा बराचसा नफा नेमका त्यातच आहे. सरकारला मागावयास काही उरावे म्हणून जणू त्या आपणहोऊन सारे जपून ठेवतात. एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदांत, जून २०१३ मध्ये, मायक्रोसॉफ्ट, गूगल, फेसबुक, ॲपल अशा नऊ सेवांची नावे ‘प्रिझम’ नावाच्या उपक्रमाखाली आली. आपल्या यंत्रांत सरकारला थेट प्रवेश आपण दिलेला नाही, जे दिले ते कायदेशीर हुकुमान्वये, असा कंपन्यांचा खुलासा होता. त्याच्या पुढल्याच महिन्यात, १४ जुलैला, भारतात शेवटच्या तारा घेऊन तारसेवा बंद झाली.

त्या नऊ नावांत याहूचेही नाव होते, आणि तिची हकीकत वेगळी आहे. सरकारने वॉरंटावाचून ग्राहकांची माहिती मागितली तेव्हा या कंपनीने २००७ मध्ये ती देण्याचे नाकारले, आणि गुप्त न्यायालयापुढे जाऊन, ही मागणी आमच्या ग्राहकांच्या घटनादत्त हक्कांवर आक्रमण करते, असा वाद घातला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ज्या प्रश्नाला कोणी तोंड फोडले नव्हते, तो येथे एका कंपनीनेच विचारला होता. सरकारने दररोज अडीच लक्ष डॉलर दंडाची मागणी पुढे केली. २२ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे न विचारता देणाऱ्यांना अभय देणारा कायदा होऊन सहा आठवडे झाले असताना, विचारणारी कंपनी अपिलातही हरली. जानेवारी २००९ मध्ये निकालपत्राची संक्षिप्त प्रत प्रसिद्ध झाली, तिच्यात कंपनीचे नाव गाळलेले होते. आपली कंपनी आपल्यासाठी भांडली होती आणि हरली होती, हे याहूच्या ग्राहकांना कळण्यास २०१३ साल उजाडावे लागले, आणि दंडाच्या धमकीसह खटल्याचे बाकीचे कागद खुले झाले ते सप्टेंबर २०१४ मध्ये.